आभासी कीबोर्ड आणि माऊसचे ड्रायव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की 'हाताच्या इशाऱ्यावर चालणारा माऊस' आणि 'मान हलवून चालणारा कीबोर्ड' हे दोन विषय पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात निघतातच. कॅमेऱ्याचा भाग तयार लायब्ऱ्या वापरून पटकन उरकतो. गाडी अडते ती पुढे: बोट हललं हे कळलं, आता कर्सर हलवायचा कसा? हिंजवडी-खराडीकडच्या टेस्टिंगवाल्यांचं दुखणं वेगळं असतं, पण प्रश्न फिरून तेच येतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. लिनक्सचा भाग मोठा आहे, कारण शिकायला तोच सोयीचा. विंडोज त्याखालोखाल, आणि मॅकचं थोडक्यात.

आभासी कीबोर्ड म्हणजे स्क्रीनवर दिसतो तो कीबोर्डच ना?

नाही. स्क्रीनवरचा कीबोर्ड म्हणजे बटणांचं चित्र. त्यावर क्लिक झाल्यावर ते अक्षर पुढे कसं पोचवायचं हा त्याचाही प्रश्न असतोच. इथे आपण बोलतोय ते अशा उपकरणाबद्दल, जे टेबलावर नाही पण ऑपरेटिंग सिस्टीमला ते जोडलेलं आहे असंच वाटतं. उपकरणांच्या यादीत त्याचं नाव दिसतं, त्याला कॅप्सलॉकचा दिवा असतो, आणि वरच्या कुठल्याही प्रोग्रामला तो यूएसबी कीबोर्डपेक्षा वेगळा ओळखू येईलच असं नाही.

मला खरंच ड्रायव्हर लिहावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण 'ड्रायव्हर' हा शब्द सिनॉप्सिसमध्ये भारदस्त दिसतो म्हणून लोक तो लिहून बसतात आणि मग फेब्रुवारीत रडतात.

विंडोजवर 'सेंडइनपुट' नावाचं फंक्शन आहे. तुमच्या लॉगिनमध्ये, साध्या प्रोग्रामच्या खिडकीत टाईप करायचं किंवा क्लिक करायचं असेल तर ते पुरतं. लिनक्सवर जुनं एक्स११ (खिडक्या दाखवणारी यंत्रणा) चालू असेल तर 'एक्सटेस्ट' हे एक्स्टेन्शन आणि त्यावर चालणारं एक्सडूटूल पुरतं. मॅकवर 'सीजीइव्हेंट' आहे. दहा ओळींत काम होतं.

हे रस्ते कुठे बंद होतात ते मात्र माहीत हवं. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकाराच्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या खिडकीत की पाठवता येत नाही. म्हणजे तुमचा प्रोग्राम साधा आणि समोरची खिडकी ॲडमिनिस्ट्रेटरची, तर तुमचं टाईपिंग गुपचूप गडप होतं. लॉगिनचा पडदा आणि 'हो का नाही' विचारणारा काळपट पडदा वेगळ्या डेस्कटॉपवर असतात, तिथेही पोच नाही. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट सेंडइनपुटने दाबता येत नाही. शिवाय त्यातून आलेल्या प्रत्येक कीवर 'बाहेरून घुसवलेली' असा शिक्का असतो आणि तो दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येतो. लिनक्सवर एक्स११च्या जागी नवं वेलँड आलं (उबंटूत २१.०४ पासून सहसा तेच पुढे असतं) की एक्सडूटूल फक्त जुन्या एक्सच्या खिडक्यांपुरतं उरतं.

यातलं काही तुमच्या आड येत असेल तरच खाली उतरा. आणि उतरायचं तर गरजेपुरतंच.

लिनक्सवर सुरुवात कुठून करू?

यूइनपुटपासून. हा कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, आधीच असलेला ड्रायव्हर आहे. तो तुम्हाला '/डेव्ह/यूइनपुट' ही फाईल देतो. ती उघडायची, 'मला असं असं उपकरण हवंय' हे आयओसीटीएलने (उपकरणाला आज्ञा द्यायच्या सिस्टीम कॉलने) सांगायचं आणि मग त्यात घटना लिहीत जायच्या. तुमचा कोड साध्या युझर स्पेसमध्ये, म्हणजे कर्नेलच्या बाहेर, राहतो, त्यामुळे चुकला तर तुमचा प्रोग्राम मरतो, मशीन नाही.

क्रम असा. आधी 'सेट ईव्हीबिट'ने घटनांचे प्रकार जाहीर करायचे: कीबोर्डसाठी की, माऊससाठी की आणि रिलेटिव्ह (किती सरकला ते). मग 'सेट कीबिट'ने कुठकुठल्या की असतील ते एकेक करून सांगायचं. मग 'डेव्ह सेटअप'मध्ये नाव, बसचा प्रकार, व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक. हा आयओसीटीएल कर्नेल ४.५ पासून आहे. नेटवरच्या जुन्या उदाहरणांत त्याऐवजी एक मोठं स्ट्रक्चर फाईलमध्ये लिहिलेलं दिसेल. ते अजून चालतं, पण नवा कोड तसा लिहू नका. शेवटी 'डेव्ह क्रिएट'. तिथून पुढे उपकरण जिवंत.

घटना म्हणजे चार गोष्टी: वेळ, प्रकार, कोड, किंमत. ६४ बिट मशीनवर एकूण २४ बाइट. कीसाठी किंमत १ म्हणजे दाबली, ० म्हणजे सोडली, २ म्हणजे दाबून धरल्यामुळे आपोआप पुन्हा आली.

सगळं बरोबर लिहिलंय, एरर नाही, तरी काहीच टाईप होत नाही. का?

दोन कारणांपैकी एक असणार.

पहिलं, सिन-रिपोर्ट, म्हणजे 'गठ्ठा पूर्ण झाला' सांगणारी घटना, पाठवलेला नाही. पीएमपीएमएलच्या बसमध्ये माणसं चढली तरी कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही, तसंच हे. एक्स सरकला, वाय सरकला, बटण दाबलं, या घटना तुम्ही लिहिल्या तरी सिन-रिपोर्ट येईपर्यंत वरचे प्रोग्राम त्यांच्यावर काही करत नाहीत. एका क्षणी घडलेल्या गोष्टी एका गठ्ठ्यात याव्यात म्हणून ही सोय आहे. माऊस तिरका सरकताना एक्स आणि वाय वेगवेगळ्या गठ्ठ्यांत पाठवले तर कर्सर जिन्याच्या पायऱ्यांसारखा चालतो.

दुसरं, जी की पाठवताय ती आधी जाहीर केलेली नाही. कर्नेल अशी घटना निमूटपणे टाकून देतो. राईट कॉल मात्र यशस्वी झाला असंच सांगतो, म्हणून माणूस गोंधळतो. तसंच दाबलेली की पुन्हा 'दाबली' असं पाठवलंत तरी ती गाळली जाते, कारण कर्नेलच्या हिशेबी काही बदललेलंच नाही.

'पर्मिशन डिनाईड' येतंय. सूडोने चालवू का?

पहिल्या चाचणीला चालवा, पण ती सवय लावून घेऊ नका. यूडेव्हचा (लिनक्सवर जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या सेवेचा) एक नियम लिहून '/डेव्ह/यूइनपुट' ही फाईल एखाद्या वेगळ्या ग्रुपला द्या, मोड ०६६०, आणि फक्त तुमची सेवा ज्या युझरखाली चालते त्याला त्या ग्रुपात घाला. नेटवर सर्रास ०६६६ सुचवलेलं दिसतं. त्याचा अर्थ मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम तुमच्या नावाने टर्मिनलमध्ये काहीही टाईप करू शकतो. वेलँडने एवढी दारं बंद केली ती याच कारणासाठी.

पहिली दोन-तीन अक्षरं गायब होतात, बाकी सगळं नीट येतं.

उपकरण तयार झाल्यावर ते यूडेव्हला कळायचं, त्याने त्यावर खुणा लावायच्या, मग डेस्कटॉपने ते उघडायचं, यात थोडा वेळ जातो. तेवढ्यात तुम्ही टाईप करून मोकळे झालेले असता. कर्नेलच्या स्वतःच्या दस्तऐवजातल्या उदाहरणातही उपकरण तयार केल्यावर १ सेकंद थांबलेलं आहे. शेवटालाही तसंच: शेवटची घटना लिहून लगेच उपकरण मोडलंत तर ती वाचली जाण्याआधीच सगळं संपतं.

याहून बरा मार्ग म्हणजे दर वेळी उपकरण नवं बनवायचंच नाही. सेवा सुरू होताना एकदा बनवा आणि बंद होताना मोडा. प्रत्येक क्लिकला नवा माऊस जन्माला घालणारे प्रोजेक्ट बघितलेत की डेस्कटॉपची दया येते.

मराठी अक्षरं थेट पाठवता येतील का? 'ळ'चा कोड किती?

'ळ'ला की-कोड नाही. 'ए'लाही नाही, खरं तर. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, तो कुठली की दाबली तिची जागा पाठवतो. लिनक्समध्ये ज्याला 'की-ए' म्हणतात तो ३० क्रमांक म्हणजे मधल्या ओळीतलं डावीकडचं पहिलं अक्षर, एवढंच. त्या जागेवर काय उमटायचं हे वरची मांडणी ठरवते.

मराठीसाठी ती मांडणी म्हणजे इन्स्क्रिप्ट, जी आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात दिलेली आहे. पुण्यातल्याच सी-डॅकच्या जिस्ट गटाने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं पुष्कळ काम केलेलं आहे, आणि आज विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर इन्स्क्रिप्ट तयार मिळते. म्हणजे तुमच्या ड्रायव्हरला मराठी यायची गरज नाही. त्याने जागा अचूक पाठवायच्या.

'पुणे' टाईप करून बघू. इन्स्क्रिप्टमध्ये 'प' हा 'एच'च्या जागी, उकार 'जी'च्या जागी, 'ण' हा शिफ्ट धरून 'सी'च्या जागी आणि मात्रा 'एस'च्या जागी. मग घटनांचा क्रम असा होतो: ३५ दाबा, सोडा. ३४ दाबा, सोडा. ४२ दाबा (हा डावा शिफ्ट), ४६ दाबा, ४६ सोडा, ४२ सोडा. ३१ दाबा, सोडा. प्रत्येक दाबण्या-सोडण्यानंतर सिन-रिपोर्ट. डेस्कटॉपवर मराठी इन्स्क्रिप्ट निवडलेली असेल तर 'पुणे' उमटेल, इंग्रजी असेल तर 'एचजी, मोठा सी, एस' असा घोळ उमटेल. दोन्ही वेळा ड्रायव्हरचं काम बरोबरच झालेलं असतं.

यात शिफ्ट कुठे सोडला याला फार महत्त्व आहे. तो धरलेलाच राहिला तर शेवटच्या कीवर मात्रेऐवजी स्वर 'ए' येतो आणि 'पुणए' होतं.

मांडणी काय निवडलेली आहे याची पर्वा न करता नेमकं अक्षर हवंच असेल तर ड्रायव्हर विसरा. विंडोजवर सेंडइनपुटला युनिकोड अक्षर थेट देता येतं. लिनक्सवर बऱ्याच प्रोग्रामांत कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून मग ०९३३ आणि एंटर असं केलं की 'ळ' येतो, आणि हा क्रम आभासी कीबोर्डवरूनही पाठवता येतो. पण हे जुगाड आहे, प्रत्येक प्रोग्राममध्ये चालत नाही.

टायपिंग क्लासमधून आलेल्या मंडळींना टाईपरायटरवरच्या रेमिंग्टन मांडणीची सवय असते. त्यांच्यासाठी वेगळा ड्रायव्हर लिहायला काहीजण निघतात. तो लिहू नका. मांडणीची फाईल वेगळी द्या, खालच्या कीबोर्डला हातही लावू नका.

एक अक्षर थांबतच नाही, येतच राहतं.

की सोडल्याची घटना गेलेली नाही. कर्नेलमध्ये आपोआप पुन्हा येण्याची सोय चालू असेल तर साधारण २५० मिलीसेकंदांनी ती की दर ३३ मिलीसेकंदांना पुन्हा येऊ लागते. बऱ्याच डेस्कटॉपांची स्वतःची सोय वेगळी असते.

फार गंभीर गोष्ट नाही. प्रोग्राम बंद केलात की फाईल बंद होते, उपकरण मोडतं, आणि मोडताना कर्नेल दाबलेल्या सगळ्या की सोडून देतो. पण चांगल्या कोडमध्ये कुठल्या की दाबलेल्या आहेत याची यादी ठेवलेली असते आणि बाहेर पडताना त्या उलट क्रमाने सोडल्या जातात. नेटवरून येणाऱ्या आज्ञांवर चालणारा कीबोर्ड असेल तर हे हवंच: जोडणी तुटली की सगळं सोडा. वायफाय कंट्रोल दाबलेला असतानाच जातं.

डेस्कटॉप माझ्या उपकरणाला कीबोर्ड मानतच नाही.

चारच की जाहीर केल्या असतील. यूडेव्ह उपकरणाकडे बघून त्यावर खुणा लावतो. पूर्ण कीबोर्डची खूण लावायला तो १ ते ३१ या कोडच्या सगळ्या की आहेत का ते बघतो. एस्केप, आकडे, वरची अक्षरांची ओळ वगैरे त्यात येतात. त्या नसतील तर 'काही बटणं असलेलं उपकरण' एवढीच खूण लागते. वापरणार नसलात तरी सगळ्या जाहीर करा, फुकट आहे.

माऊसला डावं बटण आणि एक्स-वाय दोन्ही दिशा लागतात. कीबोर्ड आणि माऊस एकाच उपकरणात कोंबता येतात, पण दोन वेगळी उपकरणं बनवली की निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

कर्सर नेमक्या जागी न्यायचाय. ५०० पिक्सेल पाठवले तर भलतीकडे जातो.

तुम्ही पिक्सेल पाठवत नाही आहात. साधा माऊस 'इतकं सरकलो' एवढंच सांगतो. त्यावर लिबइनपुट (डेस्कटॉपसाठी घटना वाचणारी लायब्ररी) वेगाप्रमाणे गुणाकार करतं, त्यामुळे ५०० एका झटक्यात पाठवले तर कर्सर ५०० पिक्सेलपेक्षा पुष्कळ पुढे जाऊ शकतो. ॲक्सिलरेशन सपाट करून थोडं सुधारतं. पण मुळात नेमकी जागा हवी असेल तर ॲब्सोल्यूट उपकरण बनवा: एक्स आणि वाय प्रत्येकी ० ते ३२७६७, आणि तुमची जागा त्या मापात बसवा. क्यूईएमयू आपल्या व्हर्च्युअल मशीनना यूएसबी टॅबलेट देतं ते याचसाठी, म्हणजे बाहेरचा आणि आतला कर्सर एकमेकांना सोडत नाहीत.

हाताच्या इशाऱ्याच्या प्रोजेक्टना माझा सल्ला थोडा उलटा आहे. कॅमेऱ्यात बोट थरथरतं. ॲब्सोल्यूट ठेवलंत तर ती थरथर जशीच्या तशी स्क्रीनवर येते आणि लहान बटणावर क्लिक करताच येत नाही. रिलेटिव्ह ठेवा, बारीक हालचाल गाळा, आणि गुळगुळीत करण्याचं काम तुमच्या कोडमध्ये करा. ड्रायव्हरच्या थरात फिल्टर घालायचा मोह आवरा.

स्क्रोलचं चाक: एक खाच म्हणजे १. कर्नेल ५.० पासून बारीक स्क्रोलसाठी वेगळा कोड आहे, त्यात एक खाच म्हणजे १२०. बारीकवाला पाठवणार असाल तर जुनाही सोबत पाठवा.

लॅपटॉपची एक की मेली आहे. तिचं काम दुसऱ्या कीवर टाकायचंय.

एका कीच्या जागी दुसरी, एवढंच असेल तर कोड लिहू नका. यूडेव्हच्या हार्डवेअर डेटाबेसमध्ये दोन ओळी घातल्या की झालं.

कॅप्सलॉक थोडा वेळ दाबला तर एस्केप आणि धरून ठेवला तर कंट्रोल, असलं काही हवं असेल तर खरा कीबोर्ड 'ग्रॅब' करायचा, म्हणजे त्याच्या घटना फक्त तुम्हाला येतात. त्या बदलून यूइनपुटच्या आभासी कीबोर्डवरून पुढे सोडायच्या. तयार रीमॅपर असेच चालतात. दोन सापळे आहेत. सगळे कीबोर्ड ग्रॅब करणारा कोड लिहिलात तर तो स्वतःचाच आभासी कीबोर्डही पकडतो आणि गोल गोल फिरत बसतो, म्हणून नाव तपासा. आणि ग्रॅब केल्यावर प्रोग्राम अडकला तर कीबोर्ड पूर्ण बंद. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच चालू ठेवून मगच चाचणी करा.

एचआयडी रिपोर्ट डिस्क्रिप्टर म्हणजे काय? तो लागतो का?

यूइनपुटला लागत नाही. विंडोजला, यूहिडला (यूइनपुटसारखाच लिनक्सचा दुसरा ड्रायव्हर) आणि खऱ्या यूएसबी उपकरणाला लागतो, म्हणून समजून घ्या. एचआयडी म्हणजे कीबोर्ड-माऊससारख्या उपकरणांचं मानक.

कीबोर्ड किंवा माऊस जोडला की तो आधी स्वतःबद्दल सांगतो: माझ्याकडून येणाऱ्या पाकिटात कुठले बिट कशासाठी आहेत. हे सांगणारा मजकूर म्हणजे डिस्क्रिप्टर. एचआयडी १.११ या मानकात साध्या कीबोर्डचा तयार नमुना आहे. त्याचं पाकीट ८ बाइटचं: पहिल्यात शिफ्ट-कंट्रोल वगैरे, दुसरा रिकामा, उरलेल्या सहांत एका वेळी दाबलेल्या सहा की. म्हणून साध्या कीबोर्डवर सातवी की नोंदली जात नाही. माऊसचं साधं पाकीट ३ बाइटचं: बटणं, एक्स, वाय, आणि सरकणं उणे १२७ ते अधिक १२७.

आधीचा 'ण' इथे कसा जातो बघा: २, ०, ६, ०, ०, ०, ०, ०. पहिला २ म्हणजे डावा शिफ्ट, ६ म्हणजे 'सी'ची जागा. मग आठ शून्यं, म्हणजे सगळं सोडलं. लक्षात घ्या, 'सी'चा क्रमांक इथे ६ आणि लिनक्सच्या घटनेत ४६. या दोन तक्त्यांची सरमिसळ हा सगळ्यात जास्त दिसणारा गोंधळ आहे. त्यात एक्स११चे कोड लिनक्सच्या कोडपेक्षा आणखी ८ ने पुढे असतात.

यूहिडमध्ये तुम्ही डिस्क्रिप्टर आणि पाकिटं देता आणि कर्नेलचा एचआयडी ड्रायव्हर त्यांच्या घटना बनवतो. एखाद्या उपकरणाचा ड्रायव्हर हार्डवेअर हातात नसताना तपासायचा असेल तर हाच मार्ग.

विंडोजवर कसं करायचं?

नवीन लिहिताय तर विंडोज १० पासून असलेलं व्हर्च्युअल एचआयडी फ्रेमवर्क, म्हणजे व्हीएचएफ. तुम्ही केएमडीएफमध्ये (कर्नेलचे ड्रायव्हर लिहायची मायक्रोसॉफ्टची चौकट) छोटा ड्रायव्हर लिहिता. उपकरण जोडलं जाताना 'व्हीएचएफ क्रिएट'ला डिस्क्रिप्टर देता, मग 'व्हीएचएफ स्टार्ट', आणि पुढे प्रत्येक पाकिटासाठी 'व्हीएचएफ रीड रिपोर्ट सबमिट'. वरचं सगळं, म्हणजे ते कीबोर्ड म्हणून दिसणं, त्यावर नेहमीचे क्लास ड्रायव्हर बसणं, विंडोज करतं. ड्रायव्हर बसवायच्या सूचना असलेल्या आयएनएफ फाईलमध्ये व्हीएचएफ हा लोअर फिल्टर म्हणून नोंदवायला विसरलात तर क्रिएटलाच नकार मिळतो.

जुन्या लेखांत 'केबीफिल्टर' आणि 'माऊफिल्टर' हे मायक्रोसॉफ्टचे नमुने सुचवलेले असतात. ते खऱ्या कीबोर्ड-माऊसच्या रस्त्यात बसणारे फिल्टर आहेत. येणाऱ्या की बदलायच्या असतील तर ठीक. पण नसलेला कीबोर्ड उभा करायला ते ओढूनताणून वापरू नयेत.

आता जे बहुतेक जण सोडून देतात ते. तुमच्या ॲपला ड्रायव्हरशी बोलायला एक इंटरफेस लागतो. तो सगळ्यांना उघडा ठेवलात तर कुठल्याही प्रोग्रामला लॉगिनच्या पडद्यावर टाईप करायची सोय तुम्ही करून दिलीत. ड्रायव्हरमध्ये सुरक्षा वर्णन लिहा, फक्त तुमच्या सेवेला दार उघडा, आणि येणाऱ्या बफरची लांबी तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका. कर्नेलमधली इथली चूक म्हणजे निळा पडदा.

ड्रायव्हर बनला, पण विंडोज तो चढवूच देत नाही.

सही नाही म्हणून. ६४ बिट विंडोज व्हिस्टापासून कर्नेलच्या ड्रायव्हरवर सही लागते, आणि विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टच्या हार्डवेअर पोर्टलमधून घेतलेली सही लागते. त्या पोर्टलवर खातं काढायला कंपनीच्या नावाचं ईव्ही सर्टिफिकेट (कंपनीची ओळख कसून तपासून दिलेलं) मागतात. विद्यार्थ्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही, आणि त्यात वेळही घालवू नका.

प्रोजेक्टपुरतं टेस्ट-साईनिंग चालू करा. त्यासाठी सिक्युअर बूट बंद करावं लागतं, आणि बिटलॉकर चालू असेल तर पुढच्या वेळी मशीन रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी लिहून ठेवा. त्यापेक्षा हे सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये करा: स्नॅपशॉट घ्या, ड्रायव्हर चढवा, मोडलं तर मागे या. भावाच्या लॅपटॉपवर प्रयोग करू नका.

मॅकवर?

कर्नेल एक्स्टेन्शनचे दिवस २०१९ च्या कॅटालिनापासून संपत आले. आता ड्रायव्हरकिट, आणि त्यातलं एचआयडी ड्रायव्हरकिट. कोड युझर स्पेसमध्ये चालतो ही चांगली गोष्ट, पण वाटायचा असेल तर ॲपलकडून एन्टायटलमेंट (खास परवानगी) मागून घ्यावं लागतं. कॅराबिनर-एलिमेंट्सचा आभासी एचआयडी ड्रायव्हर मुक्त आहे, तो वाचा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मॅक निवडू नका.

कॅप्सलॉकचा दिवा कसा कळणार?

उलट्या दिशेने घटना येतात. यूइनपुटमध्ये एलईडीचा प्रकार जाहीर करा आणि त्याच फाईलमधून वाचा. एचआयडीमध्ये आउटपुट रिपोर्टमधून येतं.

कुठल्या भाषेत लिहू?

विंडोजच्या कर्नेलसाठी सी किंवा जपून वापरलेलं सी++. यूइनपुटसाठी काहीही: पायथनची ईव्हीडेव्ह लायब्ररी प्रोजेक्टला पुरते, सीमध्ये लिबईव्हीडेव्ह आहे.

तपासायचं कशाने?

'ईव्हीटेस्ट' आधी. ते कर्नेलमधून काय निघतंय ते दाखवतं. मग 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स', ते डेस्कटॉपला काय कळलं ते दाखवतं. पहिल्यात दिसतं आणि दुसऱ्यात नाही, तर खुणांचा घोळ. दोन्हींत दिसतं पण स्क्रीनवर चुकीचं, तर मांडणीचा घोळ. पहिल्यातच नाही, तर तुमचा कोड. विंडोजवर विनडीबीजी आणि ड्रायव्हर व्हेरिफायर, दोन्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये.

ऑनलाईन परीक्षेत किंवा गेममध्ये हे पकडलं जाईल का?

या प्रश्नाचं उत्तर इथे मिळणार नाही. दुसऱ्याच्या मशीनवर परवानगीशिवाय असलं काही बसवलंत तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची ४३ आणि ६६ ही कलमं लागू होऊ शकतात, आणि ६६ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

एक्स्टर्नलने विचारलं, 'यात तुम्ही लिहिलेला ड्रायव्हर कुठे आहे?' तर?

खरं सांगा: यूइनपुट वापरलंत तर ड्रायव्हर कर्नेलचा आहे, तुमचं ते युझर स्पेसमधलं उपकरण. गाईडचा आग्रहच असेल तर छोटं कर्नेल मॉड्यूल लिहा. 'इनपुट अलोकेट डिव्हाइस', बिट लावा, 'इनपुट रजिस्टर डिव्हाइस', आणि पुढे 'इनपुट रिपोर्ट की' व 'इनपुट सिंक'. शंभरेक ओळींत बसतं. फक्त सिक्युअर बूट चालू असलेल्या उबंटूवर ते चढवायला स्वतःची की नोंदवून मॉड्यूलवर सही करावी लागते, आणि ती नोंदणी रीबूटच्या वेळच्या निळ्या पडद्यावर होते. तोंडी परीक्षेच्या सकाळी करायचं काम नव्हे.

सही, परवानग्या, काहीच नको असेल तर?

मग उपकरण खरंच बनवा. पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत रास्पबेरी पाय पिको किंवा ॲटमेगा ३२यू४ चिप असलेला अर्डुइनोसारखा बोर्ड मागा. दोन्ही यूएसबी कीबोर्ड म्हणून वागू शकतात. पिकोसाठी टायनीयूएसबी लायब्ररी आहे, डिस्क्रिप्टर वर सांगितला तोच. पाय झीरो असेल तर लिनक्सच्या गॅजेट यंत्रणेतून '/डेव्ह/एचआयडीजी०' मध्ये ८ बाइटची पाकिटं लिहायची. समोरच्या मशीनवर काहीही बसवावं लागत नाही, बायोसच्या पडद्यावरही टाईप होऊ शकतं, आणि तिन्ही ऑपरेटिंग सिस्टीमवर एकच बोर्ड चालतो. अपंग व्यक्तीसाठी एका मोठ्या बटणाचा माऊस करणार असाल तर मी हाच मार्ग सुचवेन, कारण तो त्यांना कुठल्याही कॉम्प्युटरला लावता येतो. घेताना केबल डेटाची आहे ना ते विचारा. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर बोर्डचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला तो दिसत नाही.